तुझी तालीम कुठली?

कोल्हापुरात नव्या माणसाला नाव नंतर विचारतात, आधी पेठ विचारतात. शिवाजी पेठ म्हटलं की एका टपरीवरचा चहा, मंगळवार पेठ म्हटलं की दुसऱ्या. फुटबॉलचा हंगाम असला तर पेठेवरून तालीम, तालमीवरून संघ आणि संघावरून पुढचे चार महिने तुमच्याशी बोलायचं की नाही, एवढं सगळं त्या एका प्रश्नात उरकतं. मी या गावातून थेट मेलबर्नला गेलो, २००९ च्या मार्चमध्ये. विमानात मनाशी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. परक्या मुलखात कोण कशाला पेठ विचारतंय!

पहिल्याच सोमवारी ऑफिसच्या चहाच्या खोलीत पिशवीचा चहा बुडवत उभा होतो. शेजारच्या टेबलवाल्याने माझं नाव दोनदा चुकीचं उच्चारलं, तिसऱ्यांदा नाद सोडला आणि म्हणाला, "ते राहू दे, भावा. फुटीत तू कुणाचा?"

त्याने 'मेट' म्हटलं होतं. पण ज्या सुरात म्हटलं त्याला कोल्हापुरीत 'भावा' एवढाच शब्द आहे.

'फुटी' म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "कुणाचाच नाही." खोलीत शांतता पसरली. आमच्याकडे पाहुण्याने 'मी मटण खात नाही' म्हटल्यावर पसरते तशी. शेवटी एका बाईंना माझी दया आली. "अजून ठरलं नसेल त्याचं. शुक्रवारपर्यंत सांग हं," म्हणाल्या.

शुक्रवारपर्यंत मी अभ्यास केला. एकूण १६ संघ (आता १८ झालेत), त्यांतले ९ एकट्या मेलबर्न शहरातले. कॉलिंगवुड, कार्लटन, एसेंडन, रिचमंड, हॉथॉर्न ही सगळी ट्रामच्या आणि लोकलच्या पाट्यांवरची नावं. म्हणजे पेठाच की! मी सुटलो नव्हतो, फक्त तालीम बदलायची होती. मग कळलं की शेन वॉर्न सेंट किल्डाचा. तो त्यांच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात खेळला होता, पुढे क्लबने त्याला ठेवलं नाही म्हणून जगाला लेगस्पिनर मिळाला. त्या क्लबचे एवढे उपकार कुणीतरी फेडायला हवेत. शिवाय त्या वर्षी सेंट किल्डा सुसाट सुटलं. हंगामातले पहिले सलग १९ सामने जिंकलं. मला वाटलं, काय घोडा लागलाय आपल्याला! चहाच्या खोलीतले लोक माझ्याकडे बघत आणि काहीच बोलत नसत. ते मौन आदराचं नव्हतं, हे सप्टेंबरात समजलं. फायनलला जिलाँगकडून १२ गुणांनी हरलो.

पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, कॉलिंगवुडशी. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू टप्पे घेत गोलकडे निघाला, मागे आमचा स्टीव्हन मिल्न धावतोय, समोर कुणी नाही. चेंडू लंबगोल. लंबगोल चेंडूचा टप्पा कुठं वळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तो मिल्नच्या हातांना चुकवून शेजारून निघून गेला. सामना ६८-६८ बरोबरीत. लाखभर माणसं मांडवात वधूपिता बेपत्ता झाल्यासारखी बसून राहिली. पुढच्या शनिवारी सगळे तोच स्कार्फ गुंडाळून परत आले, आणि या वेळी आम्ही ५६ गुणांनी हरलो. सेंट किल्डाने आजवर एकच कप जिंकलाय, १९६६ साली, तोही एका गुणाने.

हा 'एक गुण' समजावून सांगायला हवा. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथाडलेला चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चुकल्याबद्दल गुण द्यायची ही पद्धत आमच्या वेळच्या एस.एस.सी. बोर्डाला सुचली असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. चेंडू फेकायचा नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताने गुद्दा मारायचा. एका बाजूला १८ खेळाडू. गोल झाला की खांबांमागचा पंच दोन्ही तर्जन्या पिस्तुलासारख्या रोखतो आणि मग दोन झेंडे फडकवतो. एकच गुण असेल तर एक बोट, एक झेंडा. हे सगळं चालतं क्रिकेटच्या मैदानावर. कारण मुळात हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच काढला. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं की हिवाळ्यात आपले गडी सुस्तावतात, त्यांच्यासाठी काहीतरी काढा. पुढच्या वर्षी नियम कागदावर आले. थोडक्यात, क्रिकेटच्या तालमीसाठी काढलेला हा जोर-बैठकांचा प्रकार. आता मेलबर्नमध्ये क्रिकेट हा फुटीच्या दोन हंगामांमधला विरंगुळा आहे.

चहाच्या खोलीतली मंडळी मला आजही नावांनी आठवत नाहीत, संघांनी आठवतात. एक कॉलिंगवुड, एक जिलाँग, एक बुलडॉग्ज, एक मेलबर्न क्लब, वरच्या मजल्यावरची दोन एसेंडन आणि एक पर्थवाला. सोमवारी साडेदहाला वाद सुरू व्हायचा. पहिला विषय कायमचा ठरलेला: सर्वांत मोठा खेळाडू कोण?

जिलाँग म्हणायचा, "गॅरी ॲब्लेट." इथंच घोटाळा सुरू. कारण गॅरी ॲब्लेट दोन, बाप आणि मुलगा. थोरल्याला लोक 'गॉड' म्हणत. १९८९ च्या फायनलला त्याने एकट्याने ९ गोल मारले आणि तरी जिलाँग ६ गुणांनी हरलं. त्याला कप एकही नाही, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदकही नाही. धाकट्याने जिलाँगकडून दोन कप घेतले आणि ब्राउनलो पदकही दोनदा. हिशेबाने बघितलं तर मुलगा मोठा, विषय संपला, चहा प्या. पण जिलाँगवाला कप खाली ठेवायचा, डोळे बारीक करायचा आणि विचारायचा, "तू थोरल्याला मैदानात बघितलंयस?"

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कोल्हापुरात आमच्या लहानपणी असे म्हातारे गल्लीगल्लीत असत. गाण्याची बैठक ऐकून बाहेर पडताना तरुण गायकाचं कुणी कौतुक केलं की यांचं खाकरणं ऐकू यायचं, "बरं गातो. पण अल्लादिया खाँसाहेब ऐकलेत का तुम्ही?" कुस्तीत तेच. गणपतराव आंदळकर की मारुती माने, यावर दोन सख्खे भाऊ जेवणाच्या पाटावरून उठलेले मी पाहिलेत. या वादात आकड्यांना किंमत नसते, वयाला असते. ज्याने जास्त जुनं बघितलं तो जिंकला. तरुणांनी फक्त म्हातारे व्हायची वाट बघायची.

कॉलिंगवुडवाला निक डेकॉसचं नाव काढायचा, बुलडॉग्जवाला मार्कस बॉन्टेम्पेलीचं. डेकॉसचे वडील पीटर कॉलिंगवुडचेच दिग्गज. इथं नियमच आहे की बापाने एखाद्या क्लबकडून १०० सामने खेळले असतील तर मुलाला घ्यायला त्या क्लबला प्राधान्य. दुसऱ्या क्लबला असा मुलगा मिळाला की ती घराणेशाही. आपल्याला मिळाला की 'रक्तातच असतं हो'. मी म्हणालो, "आमच्याकडे यासाठी नियम करावा लागत नाही, तिकिटं आपोआप मिळतात." कुणाला कळलं नाही. मग मी टोनी लॉकेटचं नाव काढलं. १,३६० गोल, आजवरचा विक्रम, आणि घडला सेंट किल्डात. बुलडॉग्जने शांतपणे विचारलं, "विक्रम मोडला तेव्हा कुठल्या जर्सीत होता?" सिडनीच्या. मी चहात साखर घातली.

पण खेळाडूंचा वाद म्हणजे नुसता पांढरा रस्सा. तांबडा रस्सा म्हणजे मैदानं.

जुन्या काळी प्रत्येक पेठेचं आपलं मैदान होतं. एसेंडनचं विंडी हिल, कॉलिंगवुडचं व्हिक्टोरिया पार्क, सेंट किल्डाचं मूराबिन, जिथं चिखलात खेळाडू ओळखू येत नसत. फुट्सक्रेच्या वेस्टर्न ओव्हलवर वारा असा की आधी वाऱ्याशी बोलणी करायची, मग प्रतिस्पर्ध्याशी. ही मैदानं एकेक करून बंद झाली आणि सगळं मेलबर्न दोन मैदानांत येऊन बसलं: एमसीजी, म्हणजे नुसतं 'द जी', आणि डॉकलँड्स. तेव्हापासून लोक त्या जुन्या मैदानांबद्दल असं बोलतात की वाटावं तिथं स्वर्ग होता. आडवा पाऊस पडायचा, पायाखाली बिअरच्या डब्यांचा ढीग घालून त्यावर उभं राहावं लागायचं, हेही तेच सांगतात, आणि त्याच आनंदी चेहऱ्याने सांगतात. एकट्या वेव्हर्लीबद्दल कुणी रडत नाही. मलग्रेव्हच्या त्या मैदानाच्या जवळपास रेल्वे नव्हती, थंडी मात्र मुबलक, आणि सामना संपल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला दुसऱ्या सामन्याएवढा वेळ. आता भोवती घरं झालीत. कॉलिंगवुडवाला म्हणायचा, त्यातली काही माणसं अजून गाडी काढायला थांबलेली आहेत.

डॉकलँड्सची गंमत वेगळी. वर सरकतं छप्पर आहे, त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि जुने लोकही येत नाहीत. २००० साली उघडलं तेव्हा ते कलोनियल स्टेडियम. दोन वर्षांनी टेल्स्ट्रा डोम. मी आलो त्याच वर्षी एतिहाद. २०१८ पासून मार्व्हल. पैसे बदलले की नाव बदलतं. पहिल्या महिन्यात मला तिकिटं काढायला सांगितली तेव्हा चौघांनी चार ठिकाणी जायला सांगितलं आणि चारही एकच निघाली. यातून मी एक शिकलो: माणूस त्या मैदानाला काय म्हणतो यावरून त्याचं वय काढता येतं. नुसतं 'डॉकलँड्स' म्हणणारा माणूस तत्त्वनिष्ठ. त्याच्याशी जपून वागावं.

जिलाँगचं कार्डिनिया पार्क अजून त्यांच्याच गावात आहे, १७० मीटर लांब आणि अवघं ११५ रुंद. बाकीच्यांचं म्हणणं, हे मैदान नाही, बोळ आहे. जिलाँगवाला म्हणतो, बोळात चालायची सवय लागते, आम्हाला आहे.

खरा स्फोट पर्थवाला करायचा. त्यांच्याकडे २०१८ पासून साठ हजारांचं झकास नवं स्टेडियम आहे. पण ग्रँड फायनल एमसीजीवरच. करार आहे, २०५९ पर्यंत. मी तो आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं चुकून म्हणाला. आपल्याकडे भाड्याची जागा अकरा महिन्यांपेक्षा जास्त देत नाहीत. पर्थवाला म्हणायचा, "आमची पोरं फायनलला पोचली तरी सत्तावीसशे किलोमीटर उडून यांच्याच अंगणात खेळायचं!" एसेंडनचं उत्तर ठरलेलं, "पण एक लाख माणसं कुठं बसवणार तुम्ही?" यावर तो एकच पत्ता टाकायचा: २०२१. करोनामुळे त्या वर्षीची फायनल पर्थला झाली आणि मेलबर्न क्लबने ५७ वर्षांनी कप जिंकला. ५७ वर्षं वाट पाहिलेले त्यांचे लोक त्या क्षणी मेलबर्नात टाळेबंदीत, आपापल्या घरात कोंडून बसलेले. पर्थवाला हे सांगताना इतका सुखावायचा की त्याचा चहा गार व्हायचा.

आणि इथून वाद खऱ्या मुद्द्यावर यायचा. पहिली काही वर्षं मला वाटे की ही माणसं कोण श्रेष्ठ यावर भांडतात. तसं नव्हतं. कोण जास्त दुःखी, यावर भांडत होती. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका पारावर बसून गुडघेदुखी लावतात ना पणाला, तसं. मेलबर्न म्हणे ५७. बुलडॉग्ज म्हणे, आमची ६२, १९५४ ते २०१६. एसेंडन म्हणे, आमच्याकडे कप १६, पण २००४ नंतर बाद फेरीचा एक सामनासुद्धा जिंकलेलो नाही. श्रीमंतीतून आलेली गरिबी जास्त लागते. या बाजारात माझी पत एकदम वाढली. मी फक्त '६६' म्हणायचो. पुढे कुणी रेटलं तर २००६ काढायचो, लॉन्सेस्टनचा सामना: भोंगा वाजला, पंचांना ऐकूच आला नाही, खेळ चालू राहिला, आम्ही बरोबरी साधली, आणि त्याच आठवड्यात वरिष्ठांनी सामना फ्रिमँटलला देऊन टाकला. तेव्हा मी कोल्हापुरात होतो, सेंट किल्डा हे नावही ऐकलेलं नव्हतं. तरी सांगताना माझा आवाज कापतो. दुःख वारशाने मिळतं तसं ते जावयालाही मिळतं.

माझ्यावर मात करणारा एकच माणूस भेटला, तो ऑफिसात नाही, आमच्या गल्लीत. फिट्झरॉयचे आजोबा. वय पंच्याऐंशीच्या पुढे. आमचा संघ हरतो. यांचा संघच गेला. १८८३ पासूनचा फिट्झरॉय क्लब पैसे संपल्यामुळे १९९६ ला वरच्या फळीतून उठला. शेवटचा सामना पर्थला, तिथंही हार. मग ब्रिस्बेनच्या संघात विलीन. चिन्हातला सिंह तिकडे गेला, रंग गेले, आणि गाण्याची चालही गेली. ती चाल मुळात फ्रान्सच्या राष्ट्रगीताची. इथल्या क्लबांची बरीच गाणी अशीच उसन्या चालींवर आहेत, आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर भजनं बसवतात तशी. आजोबांचे निम्मे दोस्त ब्रिस्बेनच्या मागे गेले. आजोबा गेले नाहीत. "बायको वारली म्हणून तिच्या मावसबहिणीशी लग्न करायचं का?" म्हणाले. फिट्झरॉयचा हौशी संघ अजून ब्रन्सविक स्ट्रीटच्या जुन्या मैदानावर खेळतो. शनिवारी घडीची खुर्ची घेऊन ते तिथं जातात.

तर २०२३ ची गोष्ट. अधिक मास आला की गणपती सप्टेंबरात सरकतात आणि मेलबर्नमधल्या मराठी माणसाच्या श्रद्धेची परीक्षा होते, कारण सप्टेंबर म्हणजे बाद फेरी. मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम शनिवारी, २३ तारखेला, शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. त्याच संध्याकाळी सव्वापाचला ब्रिस्बेनला प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीची फेरी, समोर कार्लटन. कार्लटनचे कप १६, पण शेवटचा १९९५ चा, आणि दहा वर्षांनी प्रथमच ते बाद फेरीत. आणि आमचे चिरंजीव कार्लटनचे. शाळेतल्या मित्रांमुळे. मी सांगून बघितलं होतं.

मंडळाच्या बैठकीत यावर पावणेदोन तास गेले. कार्लटनवाल्यांचं म्हणणं, आरती चार वाजता घ्या. कॉलिंगवुडवाल्यांचा सामना आदल्या रात्रीच होता (जिंकले, एका गुणाने, याबद्दल मी काही बोलणार नाही), त्यामुळे त्यांना एकदम शास्त्र आठवलं, आरती दिवेलागणीलाच हवी. अध्यक्ष शांत होते. ते एसेंडनचे, सप्टेंबरात त्यांना काही काम नसतं. आरती सहाला ठरली.

फिट्झरॉयच्या आजोबांना आम्ही बोलावलं होतं. कोट-टाय घालून आले आणि गणपतीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "गोलसमोर, फुल फॉरवर्डला चांगला." आम्ही आरतीला उभे राहिलो तोवर सामन्यातले पहिले पाचही गोल कार्लटनचे झाले होते. चिरंजीवांच्या हातातल्या टाळांखाली फोन होता. आरती इतक्या जोशात झाली की गुरुजी खूश झाले. मंत्रपुष्पांजलीला आवाज जरा बसला. प्रसाद वाटेपर्यंत ब्रिस्बेन पुढे गेलं होतं. मसालेभाताच्या रांगेत कोपऱ्यात एका लॅपटॉपभोवती पंधरा पोरं उकिडवी बसली होती आणि त्यांच्या आया "अरे गरम गरम जेवून घ्या" म्हणत होत्या. पावणेआठच्या सुमारास पोरं उठली. ७९-६३, ब्रिस्बेन. माझा मुलगा येऊन माझ्या शेजारी बसला. मी पाठीवर हात ठेवला. "बाबा, तुम्ही '६६' म्हणू नका," म्हणाला. मी म्हणालो नाही.

तेवढ्यात लॅपटॉपवर जिंकणाऱ्यांचं गाणं लागलं. आजोबा खुर्चीत पाठ टेकून बसले होते, डोळे मिटलेले, हातात कागदी ताटली. मला वाटलं पेंगले. पण ओठ हलत होते. ब्रिस्बेनच्या शब्दांशी जुळत नव्हते, जुने शब्द असणार. बूट फरशीवर ताल धरत होता. शेवटच्या ओळीला त्यांनी काटा हवेत उगारला, त्याच्या टोकाला अर्धा मोदक.

गाणं संपल्यावर मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "म्हणजे आता ब्रिस्बेन तुमचं?"

"छे! चाल आमची आहे," म्हणाले, आणि ताटली पुढे केली. मी आणखी एक मोदक वाढला.